कुठल्या चॅनेलचे तुम्ही?

दीड लाखाचा फोन हातात धरून पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याने चाललेल्या माणसाकडे कुणी ढुंकून पाहत नाही. तोच माणूस दुसऱ्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून निघाला, की दुकानांच्या पायऱ्यांवरून प्रश्न सुटतात. कुठल्या चॅनेलचे तुम्ही? कुठल्या पेपरचे? शूटिंग कुणाचं आहे? रस्तारुंदीत आमचं दुकान जाणार का हो? हा शेवटचा प्रश्न चेष्टेचा नसतो. भर रस्त्यात उभा राहून कुणी दुकानाच्या पाटीवर भिंग रोखतो, तो एकतर महापालिकेचा असणार नाहीतर शेजारच्या दुकानदाराने पाठवलेला, अशी दुकानदाराची खात्री असते. ‘नुसती हौस म्हणून काढतोय’ हे खरं उत्तर कुणालाच पटत नाही. एवढा मोठा कॅमेरा बाळगायचा, उन्हात हिंडायचं आणि वर पगार कुणाचाच नाही, हा हिशेब बसत नाही.

त्यात लोकांची चूक म्हणावी असंही काही नाही. मराठी माणसाची मोठ्या कॅमेऱ्याशी ओळख होते ती लग्नाच्या मांडवात. अंतरपाट दूर होण्याच्या ऐन क्षणी वधूवर आणि दोनशे पाहुणे यांच्यामध्ये जी पाठ उभी असते, ती कॅमेरावाल्याची. त्यामुळे गळ्यात कॅमेरा दिसला की तो भाड्याने आणलेला माणूस, हे समीकरण डोक्यात पक्कं आहे. कॅमेरा घेऊन लग्नाला गेलेल्या हौशी पाहुण्याने हा अनुभव घेतलेला असतो. मुलीचे मामा त्याला खांद्याला धरून व्यासपीठावर चढवतात आणि ‘आधी आमच्या आत्याबाईंना घ्या, त्यांना सांगलीची गाडी गाठायचीय’ म्हणून फर्मावतात. पंगतीत बसायला जावं तर वाढपी अदबीने सांगतो, ‘कॅमेरावाल्यांचं शेवटच्या पंगतीला आहे, दादा.’ त्याने आहेराचं पाकीट दिलं तर यजमान गोंधळतात, कारण पाकीट उलट्या दिशेने जायला हवं होतं. आणि खरा, ठरवून आणलेला फोटोग्राफर या सगळ्यात कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत असतो. आधी माणसाकडे, मग लेन्सकडे, मग पुन्हा माणसाकडे. लेन्स आपल्यापेक्षा भारी निघाली तर त्या दिवशी तो बोलत नाही.

‘लग्नाच्या ऑर्डरचं किती घेता?’ हा प्रश्न म्हणूनच बागेत, गडावर, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही येऊ शकतो. ‘घेत नाही’ म्हटलं तर समोरचा हळू आवाजात विचारतो, ‘बरं, प्री-वेडिंगचं?’

या साऱ्या कौतुकाला एक विचित्र नियम आहे. मान मिळतो तो कॅमेऱ्याच्या आकाराला. किमतीचा त्यात काडीचा संबंध नसतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत हे स्वच्छ दिसतं. ढोल-ताशा पथकाभोवती दोरी धरून उभे असलेले कार्यकर्ते ज्याच्या खांद्यावर पांढरी लांबलचक लेन्स आहे त्याला ‘या साहेब’ म्हणून दोरी उचलून आत घेतात. ही पांढरी लेन्स बहुधा कॅनन कंपनीची असते, आणि ती पांढरी असण्याचं कारण अगदी साधं आहे: आतली काही भिंगं उष्णतेला नाजूक असतात, काळ्या नळीपेक्षा पांढरी नळी उन्हात कमी तापते. पण मैदानांवरच्या आणि मोर्चांतल्या वृत्तछायाचित्रकारांच्या खांद्यावर ती इतकी वर्षं दिसत आली, की गर्दीला तो रंग म्हणजे ओळखपत्र वाटतो. जुनी, घासलेली, सेकंडहँड पांढरी लेन्स घेऊन दोरीच्या आत नाचत असलेला माणूस विमा कंपनीत कारकून असू शकतो. विचारतं कोण?

त्याच दोरीच्या बाहेर, पिपाणीवाल्याच्या कोपराखाली, एखादा लायकावाला चेंगरत उभा असतो. त्याच्या हातातला जर्मन कॅमेरा तळहाताएवढा. लायका एम ११ हे मॉडेल २०२२ मध्ये बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत होती ८,९९५ डॉलर, तीही बिनलेन्सची. काळ्या रंगाच्या एम ११चं वजन बॅटरीसकट जेमतेम अर्धा किलो. म्हणजे किलोच्या भावाने पाहिलं तर मिरवणुकीतल्या चांदीच्या मखरालाही तो सहज मागे टाकेल. पण दोरीवरचा कार्यकर्ता त्याला हाताने मागे सारतो: ‘काका, मागं व्हा, लागेल तुम्हाला.’

लायकावाल्याच्या नशिबी येते ती कीव. पर्वतीच्या पायऱ्यांवर एखादे आजोबा थांबतात, चष्मा सावरून कॅमेरा पाहतात आणि त्यांचा आवाज हळवा होतो. ‘अरे वा, जपून ठेवलात! आमच्याकडे होता असा. आगफाचा क्लिक थ्री. बारा फोटो यायचे. रोल मिळतो का हो अजून?’ आगफा क्लिक थ्री हा एके काळी मध्यमवर्गीय घरातला हमखास कॅमेरा. महाबळेश्वरचे सगळे पॉइंट त्याने टिपले आणि प्रत्येक पॉइंटवर वडिलांचं बोट भिंगासमोर आलं. त्याची आणि लायकाची तुलना होताना लायकावाला हसून मान डोलावतो. खरी किंमत सांगायची सोय नसते, कारण सांगितली तर आजोबा खालच्या पायरीवर बसतील. आणि घरी वेगळाच आकडा सांगितलेला असतो.

हा लायका घेणारा माणूस मुळात दिसू नये म्हणूनच तो घेत असतो, अशी निदान त्याची समजूत असते. तिला परंपरा आहे. ऑस्कर बार्नाक या जर्मन तंत्रज्ञाने वेट्झलार गावी सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरून खिशात मावणारा कॅमेरा बनवला आणि १९२५ मध्ये तो बाजारात आला. आंरी कार्तिए-ब्रेसाँने तो उचलला. हा फ्रेंच छायाचित्रकार आपल्या लायकाचे चकाकणारे भाग काळी टेप लावून झाकायचा, रस्त्यावरच्या माणसाचं लक्ष जाऊ नये म्हणून. जगभरच्या हौशी लोकांनी ती टेप उचलली. फोटो कसे काढायचे ते उचलणं तेवढं सोपं नव्हतं. मग कंपनीलाही हुशारी सुचली. लायकाच्या तोंडावर एक लाल ठिपका असतो, तीच तिची खूण. २०११ मध्ये कंपनीने एम ९-पी नावाचं मॉडेल काढलं, त्यावर तो ठिपकाच ठेवला नाही. किंमत साध्या एम ९पेक्षा हजारभर डॉलर जास्त. ठिपका नसल्याचे पैसे देण्याची ही रीत पुढेही चालू राहिली.

पुढे तर अधिक मजा आहे. २०१२ मध्ये आलेला लायकाचा मोनोक्रोम कॅमेरा रंगीत फोटो काढूच शकत नाही, आणि तो घेणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. २०१६च्या एम-डी मॉडेलला मागे पडदाच नाही. फोटो काढला, तो बघायचा घरी जाऊन. पडदा असलेल्या भावंडापेक्षा तो महाग. आता कल्पना करा, हा कॅमेरा घेऊन कुणी सारसबागेत गेला आणि त्याने एका कुटुंबाचा फोटो काढला. सारं कुटुंब पडद्यावर फोटो बघायला मागच्या बाजूने गोळा होतं. तिथे चामड्यासारखं आवरण आणि एक चकती. ‘स्क्रीन फुटली वाटतं,’ आई म्हणतात. ‘अप्पा बळवंत चौकात करून देतात बघा स्वस्तात,’ बाबा म्हणतात. ‘रंगीत पण येत नाही?’ धाकटी विचारते. सगळ्यांच्या नजरेत त्या फसवल्या गेलेल्या माणसाबद्दल खरी कणव असते, आणि प्रस्तुत लेखकाला ती अगदीच अस्थानी वाटत नाही.

या खुळाची वरची पायरी २०२२ च्या जूनमध्ये दिसली. बार्नाकने स्वतः वापरलेला, १९२३ चा १०५ क्रमांकाचा लायका वेट्झलारमध्ये लिलावात निघाला आणि १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. रुपयांत शंभर कोटींच्या वर. आपल्याकडे आजीने पातेल्यावर नाव घालून घ्यावं तसं त्या कॅमेऱ्यावर बार्नाकचं नाव कोरलेलं आहे. तोही पर्वतीच्या पायऱ्यांवर आणला असता तर क्लिक थ्रीच ठरला असता.

हॅसलब्लाडवाल्याची तऱ्हा निराळी. या स्वीडिश कंपनीचा जुना चौकोनी कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. काचेत डावीकडचं उजवीकडे दिसतं, त्यामुळे माणूस डावीकडे जायचं म्हणून उजवीकडे सरकतो, पुन्हा मागे येतो, आणि हे सगळं खाली मान घालून. लांबून बघणाऱ्याला वाटतं, याचं काहीतरी हरवलंय. एक-दोघं शोधू लागायला येतातही. मग कॅमेऱ्यातून ‘खटॅक्’ असा मोठा आवाज येतो आणि मदतीला आलेला विचारतो, ‘तुटलं का काय?’

पण पोरांचं खातं वेगळं. वरच्या काचेत जग दिसतंय हे एका पोराला कळलं की पाचव्या मिनिटाला रांग लागते. ‘काका, मी, मी!’ फोटो राहतो बाजूला, कॅमेरावाला बायोस्कोपवाला होऊन बसतो. पोटाशी धरायच्या कॅमेऱ्याचा दुसरा एक गुण एका बाईला फार उपयोगी पडला. शिकागोत मुलं सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायरच्या गळ्यात जोडभिंगांचा रोलायफ्लेक्स असायचा. समोरच्याच्या डोळ्याला डोळा न देता तिने रस्त्यावरची माणसं टिपली, लाखाच्या वर निगेटिव्ह जमवली आणि जवळजवळ कुणालाच दाखवली नाहीत. २००७ मध्ये तिचं सामान लिलावात निघालं तेव्हा ती जगापुढे आली. लग्नाच्या ऑर्डरी घेता का, हे तिला कुणी विचारलं होतं की नाही, कळायला मार्ग नाही.

हॅसलब्लाडची सध्याची खरी अडचण मात्र कॉलेजच्या मुलांनी केली आहे. ही कंपनी चंद्रावर गेलेल्या कॅमेऱ्यांची. पण २०२१ मध्ये तिने वनप्लस या फोनवाल्यांशी हातमिळवणी केली आणि तिचं नाव फोनच्या पाठीवर आलं. लायकाचं नाव आधी हुआवेच्या आणि मग शाओमीच्या फोनवर, झाइस या भिंगवाल्या कंपनीचं विवोच्या. त्यामुळे फर्ग्युसन रस्त्यावर पन्नास वर्षं जुना हॅसलब्लाड घेऊन कुणी उभा राहिला, की एखादा मुलगा मित्राला कोपराने ढोसतो. ‘अरे, वनप्लसने कॅमेरा पण काढला!’ मित्र नीट पाहतो आणि निकाल देतो: ‘फर्स्ट कॉपी असणार. चार्जिंग पोर्ट कुठाय?’

कॅमेऱ्याचं हे कुतूहल आजचं नाही, आणि ते नेहमी प्रेमळ होतं असंही नाही. १८८८ मध्ये ईस्टमनने २५ डॉलरला शंभर फोटोंचा पहिला कोडॅक विकायला काढला आणि अमेरिकेत जो तो कॅमेरा घेऊन हिंडू लागला. त्याच्या दोन वर्षं आधीच कोटाच्या आत लपवायचा चपटा गोल कॅमेरा मिळू लागला होता. त्याचं भिंग बटणाच्या काजातून डोकवायचं. लोक इतके वैतागले की १८९० मध्ये वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात झटपट फोटोंची तक्रार आहे. तरी लपवाछपवी थांबली नाही. छायाचित्रकार पॉल स्ट्रँडने १९१६च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कॅमेऱ्याच्या कडेला खोटं भिंग लावलं, म्हणजे लोकांना वाटावं हा तिकडचा फोटो काढतोय. वॉकर इव्हान्स १९३८ ते १९४१ या काळात तिथल्या भुयारी रेल्वेत समोरच्या बाकावरची माणसं टिपत होता. कॅमेरा कोटात, भिंग दोन बटणांमध्ये, कळ दाबायची तार बाहीतून हातात. ती चित्रं पुस्तकात यायला १९६६ उजाडलं. आपल्या लोकलमध्ये हे जमणं कठीण. भिंग आणि समोरचा माणूस यांच्यात तेवढी जागा सापडली, तर आधी तिथे कुणीतरी उभा राहील.

आणि होमाई व्यारावाला. नवसारीत जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे.त शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, खांद्याला भलामोठा स्पीड ग्राफिक कॅमेरा लटकवून त्या दिल्लीत सायकलवरून हिंडायच्या. बाई आणि कॅमेरा हे दृश्य लोकांना इतकं अजब वाटायचं की ही उगीच मिरवायला आली असावी, असं समजून कुणी त्यांना गांभीर्याने घेत नसे. व्यारावालांनीच पुढे मुलाखतीत हे सांगितलं, आणि त्याचा फायदाही सांगितला: नाजूक जागीदेखील त्यांना कुणी अडवलं नाही. कार्तिए-ब्रेसाँला जे टेप लावून मिळवावं लागलं ते त्यांना लोकांच्या अडाणीपणाने फुकट मिळालं. त्यांच्या फोटोंखाली ‘डालडा १३’ असं टोपणनाव असायचं. गाडीचा नंबर डीएलडी १३ होता, त्यावरून घेतलेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

अडवणारा माणूस म्हणजे वॉचमन. त्याच्याशिवाय कॅमेरेवाल्याचा दिवस पुरा होत नाही. मोठ्या मॉलच्या कारंज्यापाशी चाळीस माणसं फोनवर स्वतःचे फोटो काढत असतात, दोन मुली नाचाचं रील करत असतात, एकजण मोठ्याने बोलत सारा मॉल व्हिडिओवर दाखवत असतो. तिथे हा बिचारा पिशवीतून कॅमेरा नुसता बाहेर काढतो आणि शिट्टी वाजते.

‘साहेब, कॅमेरा अलाउड नाय.’

‘मग मोबाइल?’

‘मोबाइलला काय प्रॉब्लेम नाय.’

‘पण मोबाइलमध्येही कॅमेराच असतो ना?’

‘तो कॅमेरा नाय साहेब, तो मोबाइल हाय.’

तत्त्वज्ञान इथे संपतं. वॉचमनला नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण सरकारी नियमांचा तर्कही त्याच्या फार पुढे गेलेला नाही. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत साधे फोटो काढायला आडकाठी नाही, पण कॅमेऱ्याला तीन पायांचा स्टँड लावायचा म्हटलं की परवानगी लागते. हातात धरला तर पर्यटक, टेकवला तर धंदेवाला. व्हिडिओ कॅमेऱ्याला २५ रुपये शुल्क ही पाटी कितीतरी स्मारकांवर वर्षानुवर्षं उभी आहे, आणि तिच्या खालून फोनवर सिनेमा काढत माणसं आत जात असतात. याचा सूड घ्यायला जंगलात जावं. ताडोबाच्या सफारीत मोबाइल न्यायला बंदी आहे, कॅमेरा चालतो. जिप्सी सुटण्याआधी फोन जमा करताना लोकांचे चेहरे आणि तेव्हा मांडीवर कॅमेरा थोपटत बसलेल्याचा चेहरा, हा फोटो कुणीतरी काढायला हवा.

जंगलात आणि पाणथळीत एकूणच कॅमेऱ्याची जाण चांगली. भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला जाणाऱ्यांना नाव वल्हवणारी मंडळी भेटतात. त्यांना शहरी प्रश्न पडत नाहीत. ते गिऱ्हाइकाच्या खांद्याकडे बघतात, चारशेची लेन्स आहे की सहाशेची ते ओळखतात आणि त्या बेताने नाव पक्ष्यापासून किती लांब थांबवायची ते ठरवतात. ऊन पाठीशी राहील अशी ती वळवतातही. फोटोग्राफीच्या वर्गात सहा महिने जे शिकवतात ते इथे न बोलता होतं.

शहरात मात्र ‘झूम किती आहे?’ हा प्रश्न अटळ. त्याच्या पाठोपाठ ‘मेगापिक्सेल किती?’ सोनीचा ए-सेव्हन-एस मार्क थ्री हा व्हिडिओवाल्यांचा लाडका कॅमेरा बारा मेगापिक्सेलचा आहे. अंधारात चांगलं दिसावं म्हणून मुद्दाम तेवढेच ठेवलेले. हे ऐकून विचारणारा खिशातून दोनशे मेगापिक्सेलचा फोन काढतो आणि काही बोलत नाही. बोलायची गरजही नसते. झूमचं त्याहून वाईट. ‘झूम नाही याला’ म्हटलं की समोरचा थांबतो, कॅमेरावाल्याला आपादमस्तक न्याहाळतो. ‘मग लांबचं कसं काढता?’ ‘चालत जवळ जातो.’ एवढे पैसे घालून वर चालायचंही आपणच, ही बातमी तो घरी जाऊन नक्की सांगत असणार.

वारीत यातलं काहीच कुणी विचारत नाही. दिवे घाटात पालखी चढत असताना कॅमेऱ्यांची संख्या एवढी असते की एका कॅमेऱ्याच्या फोटोत दुसरे चार येतात. तिथे कॅमेरावालाही माउली आणि ज्याचा फोटो काढायचा तोही माउली. डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी थांबते, पदर सारखा करते, भिंगात सरळ बघते. काढून झाल्यावर विचारते, ‘पेपरात येईल का रं माउली?’ ‘नाही आजी.’ ‘बरं, ऱ्हाऊ दे मग. चहा घेतलास का?’ आणि ती पुढे निघून जाते. फोटो पाठवायला नंबर मागावा, तोवर ती दोन वळणं वर गेलेली असते.

‘आमचा पण एक काढा की’ म्हणणारे सगळीकडेच भेटतात आणि कॅमेरावाला ते हौसेने काढतो. कॅमेरावाल्याचा मात्र कुणी काढत नाही. चंद्रावर पहिल्यांदा माणूस उतरला तेव्हा हॅसलब्लाड बहुतेक वेळ नील आर्मस्ट्राँगच्या हातात होता, म्हणून तिथले गाजलेले फोटो बझ ऑल्ड्रिनचे आहेत. पहिलं पाऊल ठेवणारा माणूस मोजक्याच फोटोंत, तोही बहुधा पाठमोरा किंवा कडेला. परत निघताना चांद्रवीर फिल्म घेऊन आले आणि वजन वाचवायला कॅमेरे तिथेच ठेवून आले. असे डझनभर हॅसलब्लाड अजून चंद्रावर पडून आहेत आणि त्यांचं झूम किती, हे विचारायला आसपास कुणी नाही.

तेव्हा वाचकांना एक विनंती. गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस दिसला तर चॅनेल खुशाल विचारा, झूम विचारा, लग्नाचा दरही विचारा. किंमत विचारायची असेल तर त्याच्या घरचं कुणी शेजारी उभं नाही ना, तेवढं बघून घ्या. आणि निघताना तुमच्या फोनवर त्याचा एक फोटो काढून त्याला पाठवून द्या. त्याच्या कॅमेऱ्यावर काढतो म्हणू नका; तो तुमच्या हातात देणार नाही.